दुसरा पाय

बाड्यावर, डाकघराच्या तिसऱ्या खांबाशी
पंचम जाटव बसतो.
गायकीच्या या गावात नावावरून फसू नका.
चार भावंडांनंतरचा, म्हणून पंचम.
त्याचा सूर एकच:
ब्रशच्या लाकडी पाठीनं पेटीवर एक ठोका.
ठक.
म्हणजे, पाय बदला.

तोंडानं तो फारसं बोलत नाही.
वकील, वेटर, वऱ्हाडाला निघालेला कुणाचा मामा,
मुलाखतीला आलेलं भिंडचं पोरगं,
सगळ्यांना तेवढंच कळतं,
आणि भलेभले मुकाट पाय बदलतात.
बाबाही बदलायचे
दर शुक्रवारी, एजी ऑफिस सुटल्यावर.
घरात कुणाच्या सांगण्यावरून
त्यांनी कधी खुर्चीसुद्धा बदलली नव्हती.

मी गेले ती जानेवारीच्या धुक्यात,
मिठाईच्या पिशवीत बूट घेऊन.
तेराव्याला नवी चप्पल, नवी छत्री, ते वेगळं.
हे कुणाला द्यायचे तर असे कळाहीन
देऊ नयेत, आई म्हणाली.
कुणाला, ते तिनं सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.

पंचमनं पिशवीत पाहिलं,
मग माझ्या मागं पाहिलं.
"पाय?"
"नाहीत," मी म्हटलं. "नुसते बूट."

त्यानं डावा उलटा केला.
टाचेची बाहेरची कड झिजलेली,
तिथं त्यानंच कधीतरी ठोकलेली लोखंडी पट्टी.
तिच्यावरून अंगठा फिरवला.
"एजीवाले."
नाव त्याला ठाऊक नव्हतं,
चेहराही नीटसा आठवत नसेल.
वीस वर्षं त्यानं बाबांना
घोट्याखालीच पाहिलं.

मग काडी ओढून डबी शेकली,
थंडीनं गोठलेलं पॉलिश सुटेस्तोवर.
नाड्या काढून मांडीखाली दाबल्या.
मोज्यांना डाग नको म्हणून
कडेला खोचायचा पुठ्ठा
सवयीनं उचलला,
थबकला, खाली ठेवला.
आणि आपली मूठ आत घातली
थेट टोकापर्यंत,
जिथं चामडं अजून
बाबांच्या अंगठ्यापुरतं खोलगट होतं.

रिकामे बूट कलंडतात,
हे मला त्या नऊ दिवसांत कळलं होतं.
हा कलंडला नाही.

ब्रश. मग दात घासायचा जुना ब्रश, शिवणीसाठी.
मग मखमलीची चिंधी, कुणाच्या तरी ब्लाउजची,
एक हुक अजून लटकत होता.
चवड्यावर आधी धुकं उमटलं,
धुक्यात खांब,
मग उलटी, बारकी मी.

आणि पंचमनं ठोका दिला.
ठक.

काही झालं नाही.
टोपी बाजाराकडून एक टेम्पो खाकरत गेला.
कबुतरं बसली होती तशीच.
पंचम वाट बघत राहिला, दोन श्वास,
नजर पेटीवर.
मग त्यानंच हात लांबवून
उजवा बूट घेतला.

चाळीस झाले. मी पन्नासची नोट दिली,
त्यानं दहा परत केले, मोजून, नाण्यांत.
"नंबर काय?"
"आठ."
"मला सात लागतो," तो हसला.
"कागद कोंबला तर बसतील म्हणा.
पण मीच बूट घालून बसलो
तर समोरचा पाय पुढं करेल का?"
निळ्या स्लिपरमधली काळी नखं
त्यानं गोणपाटाखाली ओढून घेतली.
तशीही सगळी आता पांढरे बूट घालतात, म्हणाला,
ओलं फडकं मारलं की झालं.

मी निघाले.
पिशवी येताना होती तेवढीच जड.
मागं कुणीतरी बसलं असावं,
कारण एवढ्या गोंगाटातूनही
ऐकू आलं,
ठक,
आणि भर रस्त्यात, कारण नसताना,
मी उजव्यावरचा भार
डाव्यावर घेतला.